जाम इंजिन घासलेटानं सुटतं का?

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आठ-दहा वर्षं उभी असलेली जुनी फियाट. नवी बॅटरी घातली, चावी फिरवून सेल मारला, तर आतून नुसता 'टक' असा आवाज आला आणि दिवे मंद झाले. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, क्रँकच्या पुलीला पाना लावून जोर देतो. पुली तसूभरही हलत नाही. मग निकाल येतो : "इंजिन जाम आहे, खोलावं लागेल." खोलायचं म्हणजे हेड उतरवा, पिस्टन काढा, लेथवाल्याकडून बोअर करून घ्या, नव्या रिंगा टाका. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे जातो आणि गाडी भंगारवाल्याकडे. अशा वेळी एखादा जुना ड्रायव्हर हमखास सांगतो, "अहो, प्लग काढून घासलेट सोडा आत, आठवडाभर तसंच राहू द्या, सुटेल." हा सल्ला अडाणीपणाचा नाही. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. पण तो कुठल्या जाम इंजिनाला लागू पडतो आणि कुठल्या नाही, हे कळलं नाही तर सुटणारं इंजिनही माणूस स्वतःच्या हातानं मोडतो.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनीच घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' बनू लागली, 1974 मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी असं समीकरण पुढे अनेक दशकं टिकलं. वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडे मात्र ही गाडी अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्यातल्या कित्येक नुसत्या उभ्या आहेत. तिचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. प्रत्येक बोअर 68 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची वर-खाली धाव 75 मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे, पिस्टनवरच्या रिंगा पुन्हा बिडाच्या. कुठला भाग कुठल्या धातूचा हे लक्षात ठेवा, कारण आत काय ओतायचं आणि काय नाही, हे त्यावरच ठरतं.

पिस्टन आणि बोअर यांच्यात जी फट ठेवलेली असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. रिंगा तर बोअरला टेकलेल्याच असतात. इंजिन रोज चालत असताना मध्ये तेलाचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की महिन्याभरात ते तेल ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि बिडाची भिंत उघडी पडते. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही पिस्टन वेगवेगळ्या टप्प्यावर असतात, त्यामुळे इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हाल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरच्या नळीतून किंवा कार्ब्युरेटरमधून बाहेरची हवा थेट त्या बोअरमध्ये पोचते. जुलै महिन्यात कोकणात किंवा मुंबईत त्या हवेत किती ओल असते ते सांगायला नको. रात्री लोखंड गार पडलं की भिंतीवर दव धरतं, आणि पहिला गंज रिंगा जिथे टेकल्या आहेत त्या रेघेवर चढतो.

गंजाचा त्रास त्याच्या खरखरीतपणापेक्षा त्याच्या फुगण्यात आहे. लोखंडाचा ऑक्साइड झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि पाणी धरून बसलेला गंज त्याहूनही जास्त. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत अडकावं तशी रिंग बोअरमध्ये अडकते. इथे एक दिलासा आहे. हा गंज बहुतेक वेळा एका-दोन सिलिंडरमध्ये आणि थोड्याच उंचीवर असतो. वरून इंजिन दगडासारखं घट्ट वाटत असलं, तरी प्रत्यक्षात पकडून ठेवणारा पट्टा दोन-तीन मिलिमीटरचा असू शकतो.

मात्र जाम झालेलं प्रत्येक इंजिन गंजानं जाम झालेलं नसतं. चालता चालता गरम होऊन थांबलेलं इंजिन घ्या. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन नेहमीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापला तर 68 मिलिमीटरच्या मापात तो सुमारे 0.16 मिलिमीटर वाढतो. बोअर तितकाच तापला तरी 0.07 च्या आसपासच वाढतो. फट संपते, ॲल्युमिनियम भिंतीला घासून चिकटतं, आणि मेकॅनिक म्हणतात, "पिस्टन पकडला." हलका पकडलेला पिस्टन थंड झाल्यावर सुटतो, पण त्याच्या अंगावर ओरखडे राहतात. ऑइल संपल्यामुळे क्रँकच्या बेरिंगा वितळून बसल्या असतील, तर बोअरमध्ये काहीही ओतून उपयोग नाही, बेरिंगपर्यंत ते औषध पोचतच नाही. म्हणून पहिला प्रश्न असा : ही गाडी शेवटची बंद झाली तेव्हा चालू स्थितीत उभी केली होती, की रस्त्यात बंद पडली होती? चालू गाडी लावून ठेवली आणि वर्षांनी जाम निघाली, तर गंजाची शक्यता मोठी. खडखड करत बंद पडली असेल, तर द्रवांच्या नादी लागू नका, इंजिन खोलायचीच तयारी ठेवा.

तिसरा प्रकार पुराच्या पाण्याचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर सेल मारून पाहणाऱ्यांनी आपल्या इंजिनांचं जास्त नुकसान केलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पद्मिनीच्या एका सिलिंडरची जागा सुमारे 272 मिलिलिटर असते आणि पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा फक्त चाळीसेक मिलिलिटर. त्याहून जास्त द्रव आत असेल आणि व्हाल्व्ह बंद असतील, तर पिस्टन वर येऊ शकत नाही. सेल मोटरनं तो रेटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हाच धोका आपण स्वतः घासलेट ओततो तेव्हाही असतो, म्हणून आत काही ओतल्यानंतर प्लग लावून सेल मारायचा नाही. या कामातला हा एक नियम कुठल्याही परिस्थितीत मोडू नये.

आणि इंजिनाला जाम ठरवण्याआधी दोन सोप्या गोष्टी बघा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? फॅन बेल्ट काढून बघितला का? डायनॅमो किंवा पाण्याचा पंप गंजून बसला असेल तरी पुली फिरत नाही. सेल मोटरचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलं असेल तरीही तोच अनुभव येतो. मोटर उतरवली की ते कळतं.

आता द्रवांकडे येऊ. द्रव इंजिनात दोन कामं करू शकतो. एक, फटीत शिरून गंजाचा चुरा सैल करायचा आणि त्याला निसटता करायचं. दुसरं, गंज रासायनिकरीत्या विरघळवायचा. घासलेट, डिझेल, ऑइल हे पहिल्या कामाचे, तर व्हिनेगर, कोला, लिंबूसत्व हे दुसऱ्या. लोकांच्या सल्ल्यांत या दोन गटांची नेहमी गल्लत होते आणि नुकसान तिथेच होतं.

फटीत शिरणं हा केशाकर्षणाचा खेळ. द्रव किती पातळ आहे आणि तो धातूवर किती सहज पसरतो, यावर तो किती खोल जाईल ते ठरतं. पाण्याचा पृष्ठताण घासलेटाच्या अडीच-तीन पट, त्यामुळे तेलकट धातूवर पाण्याचे थेंब होतात आणि घासलेट पसरतं. गाडीचं साधं 20डब्ल्यू-40 ऑइल घासलेटाहून शंभरेक पट दाट असतं. द्रव फटीत वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकतो, म्हणजे दुप्पट खोलीला चौपट वेळ. त्या हिशेबानं तेवढ्याच वेळात घासलेट ऑइलच्या दहाएक पट खोल जाईल. हा कागदावरचा हिशेब मोकळ्या फटीचा आहे, गंजानं भरलेल्या फटीत सगळंच मंदावतं. पण घाई का करू नये आणि नुसतं ऑइल ओतून दोन दिवसांत फळ का मिळत नाही, ते यातून स्पष्ट होतं.

मग नुसतं घासलेट का नको? कारण ते शिरतं पण टिकत नाही, आणि वंगण म्हणून ते कमजोर. सुटलेली रिंग कोरड्या बोअरवर घासली तर नवे ओरखडे पडतात. म्हणून जाणते लोक अर्धं घासलेट आणि अर्धं इंजिन ऑइल मिसळतात. पातळ भाग वाट काढतो, दाट भाग मागे राहून भिंत ओली ठेवतो. घासलेट आता सहज मिळत नाही, रेशनचं निळं घासलेट तर स्वयंपाक आणि दिव्यासाठीच असतं, ते या कामात आणू नये. पंपावरचं डिझेल त्याच्या जागी चांगलं चालतं. घासलेटापेक्षा थोडं दाट, थोडं जास्त वंगण देणारं आणि पेट्रोलपेक्षा खूपच सुरक्षित. माझं मत विचाराल तर भारतातल्या साध्या माणसासाठी डिझेल आणि ऑइल हेच पहिलं औषध, आणि पुष्कळदा शेवटचंही.

दुसरी प्रसिद्ध जोडी म्हणजे ॲसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल. 2007 मध्ये 'मशिनिस्ट्स वर्कशॉप' या अमेरिकी नियतकालिकात गंजलेल्या जोडांवर वेगवेगळे द्रव वापरून केलेली तुलना छापून आली होती. त्यात हे घरगुती मिश्रण बाजारातल्या नावाजलेल्या फवाऱ्यांपेक्षा सरस ठरलं, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती जगभर झाली. चाचणी लहान होती, तिच्यावर फार भार टाकू नये. पण तर्क तोच आहे : एक अतिपातळ द्रव आणि एक टिकणारं तेल. अडचण अशी की हे दोन नीट मिसळत नाहीत, ठेवल्यावर थर वेगळे होतात, दर वेळी बाटली हलवावी लागते. शिवाय ॲसिटोनची वाफ उणे 20 अंशांनाही पेट घेऊ शकते. बंद गॅरेजमध्ये, देवघराच्या किंवा गॅसच्या आसपास त्याची बाटली उघडूच नये. रंगावर थेंब पडला तर रंगही जातो.

आता आंबट पदार्थ. कोलामध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं, व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड. दोन्ही गंज विरघळवतात, यात शंका नाही. गंजलेला नट, ब्रॅकेट, जॅकचा स्क्रू व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला तर सकाळी ब्रशनं स्वच्छ होतो. पण इंजिनाच्या आत हा प्रकार करू नये असं माझं ठाम मत आहे. ॲसिड गंजापाशी थांबत नाही, चांगल्या बिडालाही खातं. ते रिंगांच्या बाजूनं हळूहळू खाली चेंबरमध्ये झिरपतं आणि तिथे क्रँकच्या बेरिंगांचा मऊ धातू असतो. त्याच्याबरोबर पाणीही आत जातं, आणि ॲसिड धुऊन निघालं की उघड्या लोखंडावर काही तासांत नवा गंज चढतो. कोलातली साखर वाळून चिकट होते ती वेगळीच. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या जुन्या ट्रॅक्टरांवर कोलानं काम केल्याच्या गोष्टी ऐकू येतात. तिथे पुढे इंजिन खोलायचंच असतं. तुम्हाला खोलणं टाळायचं असेल तर कोला प्यायलाच ठेवा.

काकवीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. एक भाग काकवी आणि आठ-दहा भाग पाणी अशा मिश्रणात गंजलेले लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले तर गंज निघतो आणि चांगलं लोखंड जवळपास शाबूत राहतं, कारण काकवीतले काही पदार्थ लोखंडाचे अणू धरून द्रवात ओढून नेतात. वास मात्र घरच्यांना सहन होणार नाही. हेही सुटे केलेल्या लोखंडी भागांसाठीच, ॲल्युमिनियम त्यात टाकू नये. आणि कॉस्टिक सोडा किंवा मोरी साफ करायची पावडर तर इंजिनाच्या आसपासही आणू नये. ती ॲल्युमिनियमचा पिस्टन खाऊन हायड्रोजन वायू सोडते.

स्वयंपाकघरातली तेलंही बाजूला ठेवा. गोडेतेलाच्या बरणीच्या तोंडाशी जमणारा चिकट थर आठवा. हवा लागली की बरीच खाद्यतेलं घट्ट होतात, जवसाचं तेल तर वाळून रंगासारखं बसतं. खोबरेल 24 अंशांखाली गोठतं. रिंगांच्या खोबणीत असं काही जमलं तर गंज परवडला.

प्रत्यक्ष काम असं. आधी बॅटरीची अर्थ वायर काढा. प्लगच्या भोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती आतच पडेल. मग चारही प्लग काढा. प्लग निघत नसेल तर तिथेही थेंब थेंब डिझेल आणि एक रात्र, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर ते दुखणं इंजिनापेक्षा मोठं. छिद्रातून बारीक टॉर्च टाकून बघा. ज्या सिलिंडरमध्ये पिस्टनचा माथा काळा, कोरडा आणि भिंत राखाडी दिसते तो ठीक. जिथे भिंतीवर लालसर-तपकिरी पट्टा किंवा माथ्यावर खपल्या दिसतात, तिथेच अडकलंय. मोबाइलला जोडायचा वायरी कॅमेराही मिळतो. या कामासाठी तो घेण्यासारखा आहे.

इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं प्रत्येक सिलिंडरमध्ये 30-40 मिलिलिटर मिश्रण सोडा आणि छिद्रांवर कापडाचे बोळे ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा. एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण उतरलं असेल तर ते रिंगांतून वाट काढतंय, चांगलं लक्षण. जिथलं तसंच साचून आहे तो पक्का जाम. पुन्हा भरा. टॅपेट कव्हर उघडून व्हाल्व्हच्या दांड्यांवरही थोडं सोडा, कारण पिस्टन सुटला आणि व्हाल्व्ह अडकलेलाच राहिला तर पुश रॉड वाकतो. निदान आठवडा तरी द्या. मधल्या दिवसांत ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये कडक गरम पाणी ओतून पुन्हा गार होऊ देणं उपयोगी पडतं. बीड थोडं पसरतं, आकसतं, गंजाच्या थराला चिरा जातात आणि पातळ झालेलं मिश्रण त्यात शिरतं. ॲसिटोन वापरलं असेल तर मात्र उष्णतेचा विचारही नको.

जोर लावायचा तो क्रँकवर, हातानं, दोन्ही दिशांना आळीपाळीनं. जुन्या गाड्यांना हँडल मारायची सोय असते, तिचा इथे फार फायदा होतो. पुलीच्या बोल्टवर पाना आणि त्यावर दोन फुटी नळी, एका माणसाचा हात, एवढीच मर्यादा. चार माणसं लोंबकळली तर बोल्ट तुटतो आणि इंजिन तिथेच राहतं. सेल मोटर उतरवून त्या तोंडातून फ्लायव्हीलच्या दात्यांवर टॉमीनं रेटलं तर त्याहून चांगली पकड मिळते. दुसरा मार्ग गाडीच हलवण्याचा. टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा, सपाट जागी मागे-पुढे झोके द्या. टॉप गिअरच का? कारण पहिल्या गिअरमध्ये चाकाची ताकद क्रँकपर्यंत पोचेतो फारच कमी होते, टॉपमध्ये सगळ्यांत जास्त पोचते. दोरीनं दुसऱ्या गाडीला बांधून खेचणं मात्र टाळा. तिथे ताकदीवर लगाम राहत नाही.

पहिली हालचाल डोळ्यांना दिसतही नाही. पुलीवर आणि ब्लॉकवर खडूची एक रेघ मारून ठेवा. रेघ केसभर सरकली की जिंकलात असं समजा, पण तिथेच थांबा. लगेच रेटून पुढे नेऊ नका. उलट दिशेला तितकंच आणा, पुन्हा मिश्रण सोडा, पुन्हा पुढे. सैल झालेला गंज बोअरमध्येच असतो. तो भिजवून, चुरून, बाजूला सरकवत जायचं आहे. ही पायरी सोडून पुढे रेटणाऱ्यांच्या रिंगा तुटतात.

पूर्ण दोन फेरे हातानं सहज फिरल्यावरच सेल मोटर लावा, तेही प्लग बाहेर असताना, इग्निशनची वायर काढून आणि छिद्रांवर कापड धरून. आत उरलेलं मिश्रण पिचकारीसारखं उडतं. चेंबरमधलं ऑइल पूर्ण काढून टाका, कारण झिरपलेल्या डिझेलनं ते पातळ झालेलं असतं आणि पातळ ऑइलवर चालवलेलं इंजिन बेरिंगा घालवतं. नवं ऑइल, नवा फिल्टर, टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर. मग प्लगशिवायच ऑइलचं प्रेशर येईपर्यंत सेल फिरवा आणि कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास असतील तर प्लग लावून चालू करा. सुरुवातीला पांढरा-निळा धूर भरपूर निघेल, तासाभरात कमी व्हायला हवा. थोडी चालवल्यावर ऑइल पुन्हा एकदा बदला. एखाद्या सिलिंडरचा आकडा खूपच खाली असेल, किंवा धूर कमी होतच नसेल, तर बोअरला खड्डे पडले आहेत किंवा रिंग तुटली आहे, आणि गॅरेजवाल्याचा पहिला निकाल बरोबर होता. तरीही तुमचे कष्ट वाया गेलेले नाहीत : फिरणारं इंजिन खोलणं जाम इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त असतं.

काढलेलं काळं ऑइल आणि घासलेट गटारात, झाडाखाली किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. आणि तुमच्या दारात आज चालू असलेली एखादी जुनी गाडी यंदाच्या पावसाळ्यात उभी राहणार असेल, तर मे महिन्यातच प्रत्येक प्लगच्या छिद्रातून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडा, प्लग बाहेर असतानाच क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, मग प्लग बसवा आणि सायलेन्सरच्या तोंडाला तेलकट फडका बांधा. चालू करायच्या आधी तो आठवणीनं काढा.